वारा येण्याआधी

"वारा कुठून येतोय?"

मुंबईच्या बंदरात, चार मीटर लांबीच्या एंटरप्राइज होडीत बसल्या बसल्या प्रशिक्षकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी किनाऱ्यावरच्या एका इमारतीवरचा झेंडा पाहिला आणि बोट दाखवलं.

"तो झेंड्यापाशी आलेला वारा झाला. तुझ्यापाशी कुठून येतोय?"

मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले. मान सावकाश फिरवायची. एका कानात वाऱ्याचा आवाज जास्त घुमतो, दुसऱ्यात कमी. दोन्ही कानांत सारखा घुमला की नाक नेमकं वाऱ्याच्या तोंडावर आलं. चाळिशी गाठलेली मी भर बंदरात डोळे मिटून मान हलवत होते, आणि शेजारच्या होडीतली दहा-बारा वर्षांची दोन पोरं माझ्याकडे बघून हसत होती.

मी बुलढाणा जिल्ह्यातली. चिखली तालुक्यात आमचं शेत. समुद्र तिथून चारेकशे किलोमीटर लांब. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीतलं, शेततळ्यातलं, फार तर पेनटाकळी नाही तर खडकपूर्णा धरणातलं. खडकपूर्णेच्या जलाशयाला संत चोखामेळा सागर म्हणतात, एवढाच काय तो आमचा सागर. खारं पाणी म्हणाल तर लोणारचं. 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' मी शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केले होते आणि परीक्षेनंतर विसरूनही गेले होते. नोकरीनं मुंबईला आणलं. गेटवेच्या पलीकडे पांढरी-निळी शिडं दिसायची. ती बघत दहा वर्षं काढली आणि एका ऑक्टोबरात, पावसाळा संपून होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या तेव्हा, नाव नोंदवलं.

पहिला दिवस होडी चालवण्यात गेला नाही, ती उलटवण्यात गेला. मुद्दाम एका बाजूला झुकायचं, शीड पाण्यावर आडवं पडू द्यायचं, आपणही पडायचं. मग पोहत तळाकडे जायचं. होडीच्या पोटातून एक फळी खाली उतरलेली असते, तिला सेंटरबोर्ड म्हणतात. तिच्यावर चढून, दोर धरून, अंग मागे टाकायचं. भिजलेलं शीड पाणी सोडत हळूहळू वर येतं. पहिल्या खेपेला मला ते जमायला वीस मिनिटं लागली. तोंडात बंदराचं पाणी गेलं, त्याला मीठ कमी आणि डिझेल जास्त अशी चव होती. पण त्या वीस मिनिटांनी मनातली भीती धुऊन काढली. पडलं तर उठता येतं, हे अंगाला कळलं.

त्याच फळीमुळे शिडाची होडी वाऱ्याच्या उलट बाजूला चढू शकते. वारा होडीला आडवं ढकलतो, फळी आडवं जाऊ देत नाही. ओला चिंचोका बोटांच्या चिमटीत दाबला की तो पुढे सटकतो, तशी होडी मग पुढे सटकते. पण थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा सोडून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी चढावं लागतं. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूरकडून बुलढाण्याला येणारी एस.टी. राजूर घाट कसा चढते ते ज्यानं पाहिलंय, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. वळणावर ड्रायव्हरनं वेग घालवला की गाडी धापा टाकते. होडीचंही तसंच. वळण घेताना, म्हणजे 'टॅक' करताना, वेग गेला तर ती वाऱ्यासमोर उभी राहते, शीड फडफडत राहतं, आणि मागच्या मागे सरकायला लागते.

म्हणून सराव. एका सकाळी तीस टॅक, पुन्हा तीस. शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, डोक्यावरून जाताना वाकायचं, दोर या हातातून त्या हातात, सुकाणूचा दांडा पाठीमागून बदलायचा, दुसऱ्या कडेवर जाऊन बसायचं. गुडघे काळे-निळे झाले. तिसऱ्या महिन्यात सरांनी सुकाणूच काढून होडीच्या तळाशी ठेवून दिलं. "आता चालव." डाव्या कडेला वजन टाकलं की होडी उजवीकडे वळते. मागचं मोठं शीड आवळलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे जाते, पुढचं आवळलं की वाऱ्यापासून दूर. पाऊण तास आम्ही दारूच्या नशेत असल्यासारखे भरकटलो. पण सुकाणू परत बसवलं तेव्हा कळलं की आजवर मी त्याचा वापर ब्रेकसारखा करत होते. दर वेळी दांडा जोरात ढकलला की पाणी अडतं, वेग मरतो. सरावानं हेच होतं. कामं हातात मुरतात आणि डोळे मोकळे होतात. पण मोकळे झालेले डोळे कुठे लावायचे, हे सराव शिकवत नाही. माझे तर शिडावरच चिकटलेले असायचे.

रविवारच्या शर्यतीनं ते सोडवले.

शिडांची शर्यत उभ्यानं सुरू होत नाही, कारण होडीला उभं राहताच येत नाही. समितीची बोट आणि एक बोया यांच्यामधली न दिसणारी रेघ ही सुरुवातीची रेषा. पाच मिनिटं आधी पहिला इशारा, चार मिनिटांवर दुसरा, एक मिनिटावर तिसरा. तोवर सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालतात, आणि सुरुवातीचा इशारा होतो त्या क्षणी पूर्ण वेगात रेषेवर असणारा जिंकायला निघतो. माझ्या पहिल्या शर्यतीत मी दोन सेकंद आधी रेषा ओलांडली. निळ्या फुलीचा पांढरा झेंडा चढला. नियमानं मागे फिरले, पुन्हा रेषेमागे गेले, पुन्हा निघाले. आठ होड्यांत आठवी आले. या खेळात पहिल्याला एक गुण, आठव्याला आठ, आणि ज्याचे गुण कमी तो विजेता. माझे गुण भरपूर जमले.

पाण्यावर पंच शिट्टी फुंकत नाही. उजव्या बाजूनं वारा घेणाऱ्या होडीचा रस्त्यावर हक्क असतो. ती 'स्टारबोर्ड!' असं ओरडली की डावीकडून वारा घेणारानं बाजूला व्हायचं. चूक झाली तर आपली आपणच कबूल करायची आणि तिथल्या तिथे होडीच्या दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. पुढे गेलेले आणखी पुढे जातात, तरी घ्यायच्या.

शर्यत हा बाजार समितीतला काटा आहे. एकटी होडी चालवताना आपण झकास चाललोय असं वाटतं. शेजारी तशीच होडी, तेवढंच शीड, तोच वारा, आणि ती दर मिनिटाला हातभर पुढे सरकते, तेव्हा आपलं वजन कळतं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण मिळवलं. त्या पाण्यावर आपण आठवे येतो, यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. वाईट वाटायचं ते एका सत्तरी ओलांडलेल्या पारशी आजोबांमुळे. ते दर रविवारी माझ्या मागून निघायचे आणि पुढे पोचायचे.

मी त्यांच्यावर पाळत ठेवली. ते शिडाकडे पाहतच नव्हते. दोर हातात, शीड आपोआप नीट, आणि नजर वाऱ्याच्या दिशेनं शंभर-दीडशे मीटर पुढच्या पाण्यावर. तिथे पाण्याचा एक तुकडा आजूबाजूपेक्षा काळपट आणि खरखरीत झाला की ते आधीच तिकडे वळलेले असायचे. ती वाऱ्याची झुळूक, इथल्या भाषेत 'पफ'. मला ती गालाला लागल्यावर समजायची. आजोबांना ती येताना दिसायची.

त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये मला आबा आठवले, माझे आजोबा. गव्हाची मळणी झाली की खळ्यावर उंच तिवई मांडून ते उफणणीला उभे राहायचे. आजी खालून टोपलं भरून द्यायची. आबा टोपलं खांद्याजवळ धरून नुसते थांबायचे. माझ्या अंगाला घाम, वाऱ्याचा पत्ता नाही. त्यांची नजर मात्र बांधावरच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर. शेंडा जरा हलला की म्हणायचे, "आला." आणि टोपलं कलतं करायचे. धान्याची धार सुटायची आणि त्यानंतर वारा माझ्या तोंडावर यायचा. गहू सरळ खाली, भूस पलीकडे. शेजारच्या खळ्यावरचे लोक वारा लागल्यावर टोपलं उचलायचे. त्यांचं टोपलं डोक्यापर्यंत पोचेतो झुळूक निम्मी निघून गेलेली असायची.

मग पारशी आजोबा करत होते ते वेगळं काय होतं?

तेव्हापासून कोरडवाहू गावातून आल्याचं मला ओझं वाटेनासं झालं. तशी उदाहरणंही डोळ्यांसमोर होती. नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवासची, शेतकऱ्याची मुलगी. शीड शिकली भोपाळच्या तलावावर, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए-४ वर्गात रौप्यपदक घेऊन आली. भारतीय माणसानं एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास घेतलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णीत. तिथूनही समुद्र दिसत नाही. त्यांचा ध्यास पुरा केला आरमारातल्या दिलीप दोंदे यांनी. त्यासाठी ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्लिश दर्यावर्दींकडे उमेदवारी करून आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही त्यांची होडी बांधली जात होती, तेव्हा तिच्या बांधणीवर ते लक्ष ठेवून होते. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि वाटेत चार थांबे घेऊन १९ मे २०१० ला परत आले. नऊ महिन्यांत समोर प्रतिस्पर्धी कुणी नव्हता. अशा प्रवासात नजर शंभर मीटरवर ठेवून भागत नाही, ती उद्या-परवापर्यंत न्यावी लागते.

त्या नजरेचा माझा धडा लहानसा होता, मुंबई ते मांडवा. सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर, लाँचला तासभर. सरांनी मला दिवस आणि वेळ ठरवायला सांगितली. बंदरावरच्या जुन्या कोळी नाखव्यानं हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. आमच्या घरी पंचांग उपासाला आणि पेरणीला लागतं, ते होडीलाही लागतं हे मला नवीन होतं. मी मार्गशीर्षातली एकादशी धरली. सव्वाआठला भरती संपली की ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडायचं आणि दुपारी पाणी फिरलं की भरतीवर परत यायचं.

निघालो तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा पाठीशी होता. दहानंतर तो विरला. तासभर होडी आरशावर ठेवल्यासारखी, ओहोटी नेईल तेवढीच पुढे. वाटेत डोल जाळ्यांचे बोये आणि खुणेची निशाणं. त्यांच्या कोणत्या अंगानं जायचं, हे पाणी कुठे वाहतंय ते बघून ठरवायचं, नाही तर प्रवाह होडीला जाळ्यावर नेऊन बसवतो. बाराच्या सुमारास पश्चिमेला पाण्यावर काळी रेघ उमटली. खारा वारा. शाळेतले दोन मार्क तीस वर्षांनी पाण्यावर दिसले.

परतीला वारा वायव्येकडे सरकला, म्हणजे जवळजवळ तोंडावर. तीनला तो वाढला. दूरचं पाणी पांढरं होत चाललेलं मला दिसत होतं, पण शीड आखडून लहान करायचं मी पुढे ढकलत राहिले. होडी कलली, कडेवरून पाणी आत आलं, चहाचा थर्मास समुद्रात गेला. धडपडत शीड आखडलं. सर शांतपणे पाणी उपसत होते.

"वारा वाढणार हे तुला कधी कळलं?"

"अर्ध्या तासापूर्वी."

"मग अर्धा तास काय केलंस?"

उत्तर नव्हतं. शेंडा हललेला दिसला होता, टोपलं कलतं केलं नव्हतं. नुसतं दिसून उपयोग नसतो, हे आबांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना ते सांगावंसं वाटलंच नसेल.

गावी आता उफणणी राहिली नाही. मळणीयंत्र स्वतःचा पंखा घेऊन येतं, त्याला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. आबांची तिवई गोठ्यात आहे, तिच्यावर सरकीच्या ढेपेचं पोतं असतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे कॉलेजातला एक नवा पोरगा सोबतीला दिला. पुढचं शीड त्याच्याकडे, मागचं माझ्याकडे. शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत वारा पडला होता. सगळ्या होड्या जागच्या जागी. मी उजवीकडच्या पाण्यावर डोळे लावून बसले होते. दीडशे मीटरवर एक तुकडा काळवंडला.

"आला," मी म्हणाले आणि दोर ओढला.

"कोण?" म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं, तोवर शीड भरलं.