एचडीआर चालू, मग दहा बिट गेले कुठे?

माझ्या प्रयोगात सहभागी व्यक्तीला पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी एक पट्टी दाखवते आणि विचारते, "मध्ये कुठे पायरी दिसते का?" प्रश्न सोपा आहे, पण पायरी डोळ्याला दिसली की पडद्यानेच पाडली, हे माहीत हवं. ते माहीत नव्हतं म्हणून सहा जणांची मोजमापं मला फेकून द्यावी लागली. मॉनिटर फोर-के, एचडीआर 'ऑन'. घोळ होता यूएसबी-सी हबमध्ये.

जरा गणित करू. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. प्रत्येकात तीन रंग, प्रत्येक रंगाला १० बिट, म्हणजे ३० बिट. सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर १४.९ गिगाबिट, १२० वेळा तर २९.९. प्रत्यक्षात थोडे जास्तच लागतात.

आता रस्ता बघा. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या चारही लेन मिळाल्या तर २५.९ गिगाबिट जातात. पण वेगवान यूएसबीही चालवणारे बरेच हब दोन लेन स्वतःकडे ठेवतात. उरले १३. एचडीएमआय २.० मधून जातात १४.४. दोन्हीकडे आपले १४.९ मावत नाहीत! अशा वेळी लॅपटॉप तक्रार करत नाही. गुपचूप ८ बिटवर येतो आणि डिदरिंग करून, म्हणजे शेजारचे ठिपके कमी-जास्त करून, मधल्या छटांचा भास निर्माण करतो. सिनेमा बघताना कळणारही नाही. माझ्या प्रयोगात मात्र तोच घात.

तुमच्याकडे असं होत असेल तर या क्रमाने तपासा:

१. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा. बिट डेप्थ, कलर फॉरमॅट आणि रिफ्रेश रेट वाचा. एचडीआरचं बटण चालू आहे एवढ्यावर विसंबू नका.

२. हब काढा, थेट केबल लावा. अर्धे प्रश्न इथेच सुटतात.

३. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ वर अडकली आहे का, ते पाहा.

४. तरीही १२० हर्ट्झला १० बिट मिळत नसतील, तर डीएससी हवं. हे डोळ्याला सहसा न कळणारं कॉम्प्रेशन आहे, पण लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांनाही ते यायला हवं.

गेम खेळायचा असेल तर डीएससी खुशाल वापरा. मी मात्र थेट केबल, ६० हर्ट्झ, पूर्ण १० बिट यावर थांबले. माझी पट्टी स्थिर आहे, तिला वेग नको, छटा हव्यात. आता प्रत्येक सहभागी व्यक्ती बसण्याआधी बिट डेप्थ वहीत लिहून ठेवते. सहा जणांना पुन्हा बोलवायचंय, ते वेगळंच.