हप्ता नंतर, आधी घरखर्च

मार्च जवळ आला की शिरूर-दौंड पट्ट्यात पारावर एकच विषय निघतो: नवं-जुनं. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरायचं आणि लगेच नव्यानं उचलायचं. भरायला पैसे नसले की आठ-पंधरा दिवसांपुरते कुणाकडून तरी व्याजानं आणायचे. गटसचिव म्हणून नोकरीभर मी हे पाहिलं. आता निवृत्तीनंतर लोक कर्जफेडीचं विचारायला घरी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अण्णा, हप्ता किती बसवायचा?"

हप्ता हा सगळ्यात शेवटी निघणारा आकडा आहे. आधी हप्ता ठरवला आणि उरलेल्यात घर बसवलं, तर दोन-तीन महिन्यांत ते घर पुन्हा उसनवारीला बाहेर पडतं.

न्हावऱ्याकडचं एक कुटुंब आलं होतं. नवरा-बायको, म्हातारी आई, शाळेतली दोन मुलं. नवरा रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी कामावर, पगार १४,००० रुपये. दोन गाईंच्या दुधाचे पेंड-चारा जाऊन महिन्याला ५,५०० उरतात. म्हणजे जमा १९,५००. घरखर्च किती, असं विचारल्यावर नवरा म्हणाला, "दहा हजार धरा." त्याची बायको मात्र पिशवीतून किराणा दुकानाची उधारीची वही काढून बसली. "दहात कसं भागंल अण्णा? लिहा तुम्ही, मी सांगते."

ती सांगत गेली. किराणा ४,५००, भाजी-अंडी १,२००, गॅस ९००, वीज ५००, मोबाइल ६००, मुलांची शाळा आणि शिकवणी १,५००, सासूबाईंची औषधं ९००, पेट्रोल २,०००. मग थोडं थांबून म्हणाली, "आणि लग्नसराई, आहेर, जत्रा?" वर्षाचे १८,००० निघाले, म्हणजे महिन्याला १,५००. बेरीज १३,६००. शिल्लक ५,९००.

देणं असं होतं: दुचाकीचा हप्ता २,९००, बचत गटाचा २,०००, आणि ओळखीच्या एकाकडून तीन टक्क्यांनी घेतलेल्या ५०,००० चं व्याज १,५००. एकूण ६,४००. दर महिन्याला ५०० रुपये कमी पडत होते आणि तेच किराण्याच्या वहीत साठत होते. तीन टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण तो महिन्याचा आहे. वर्षाचे ३६ टक्के होतात. वर्षभरात १८,००० देऊनही मुद्दल ५०,००० च राहिली होती.

उपाय वहीतूनच निघाला. उसाच्या बिलातून सोसायटीची कपात जाऊन २५,००० हातात येणार होते. ते सगळे तीन टक्केवाल्याच्या मुद्दलात भरायचे ठरले. व्याज निम्म्यावर आलं. आठवड्यातले काही दिवस कंपनीच्या बसनं जाऊन पेट्रोलचे ६०० वाचवायचे, आहेराचे ५०० कमी करायचे. त्यामुळे महिन्याला १,३५० रुपये मोकळे झाले, तेही मुद्दलात. सात महिन्यांनी दुचाकीचा हप्ता संपतो, तेव्हा ते २,९०० सुद्धा तिकडेच वळवायचे. या हिशेबानं अकराव्या महिन्यात ते कर्ज निल होतं. औषधं आणि शाळा यांना आम्ही हात लावला नाही. त्यांच्या शेतातल्या कांद्याचे पैसे जमेत धरले नाहीत. कांद्याचा भाव पट्टी हातात पडेपर्यंत खरा नसतो.

हिशेब आपल्या घरी हवा, याचा धडा आपल्याच मातीत आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे कर्जरोखा तीनच वर्षं चालायचा. मुदत संपली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नव्या रोख्यावर अंगठा घ्यायचा. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचे चढलेले भाव उतरले, पुढे सारा वाढला आणि कुणबी बुडाला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्ड्यानं सावकारांशी व्यवहार तोडला. १२ मे १८७५ ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. आजचा दौंड तालुका याच भीमथडीचा भाग. लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता, कारण त्यात काय लिहिलंय हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

त्यानंतर आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत तो लागू झाला. रोख्याच्या मागचा मूळ व्यवहार कोर्टानं तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, कर्जदाराला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळावा, अशी तरतूद त्यात होती. तेव्हा कायद्यानं मिळालेला हिशेबाचा हा हक्क आपण आज घरात वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. देणी लिहिताना प्रत्येकापुढे वर्षाचा व्याजदर लिहा आणि ज्याचा दर सगळ्यात जास्त, त्याची मुद्दल आधी कमी करा. पीककर्जाची मुदत मात्र चुकवू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलतींमुळे ते बिनव्याजी पडतं. थकलं की ती सवलत जाते. नवी उचल खत-बियाण्यालाच लावा. ती लग्नात गेली तर पुढच्या मार्चला नवं-जुनं ठरलेलंच. खासगी देण्याची प्रत्येक पावती घ्या. सावकारीचा परवाना नसताना व्याजाचा धंदा करणं २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं गुन्हा आहे. कुणी जमीन लिहून मागत असेल किंवा धमकावत असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात लेखी तक्रार द्या.

आणि हिशेबाला घरातल्या बाईला सोबत बसवा. तेल-मीठ, औषध, फी यांचे खरे आकडे बहुतेक घरांत तिलाच ठाऊक असतात. तिला न विचारता केलेलं कर्जफेडीचं नियोजन टिकलेलं मी पाहिलेलं नाही. यंदा भरणा करण्याआधी एक संध्याकाळ दोघं मिळून बसा, दोनशे पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर हप्ता लिहू नका. घरखर्च लिहा.