रत्नागिरीचे रस्ते आणि दिल्लीची तिजोरी

रस्त्याच्या कामासाठीं पैसा मागणारे पुष्कळ असतात. रस्त्याच्या विचारासाठीं पैसा मागणारा क्वचितच आढळतो. कारण उघड आहे. डांबर डोळ्यांना दिसतें, त्याच्यापुढें नारळ फोडतां येतो, कोनशिलेवर नांव कोरतां येतें. जमिनीची मोजणी, उतारांच्या पातळ्या, वाहनांची गणती, भूमीखालच्या नळांचा नकाशा हीं सर्व कामें कागदावर राहतात, आणि कागदाचें उद्‌घाटन करण्याची चाल आपल्याकडे अद्याप पडलेली नाहीं. तथापि रत्नागिरीच्या नगरपरिषदेनें मध्यवर्ती सरकारकडे जी पहिली मागणी करावयाची ती डांबराची नसून या कागदाची असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दिल्लीकडे हात पसरणें लोकमान्यांच्या जन्मगांवाला शोभेल काय, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचें उत्तर असें कीं ही भिक्षा नव्हे. १९२७ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें दाखवून दिलें कीं रस्त्यांचा भार प्रांतिक सरकारें व स्थानिक संस्था यांच्या ऐपतीबाहेर गेला असून तो राष्ट्रानें उचलला पाहिजे. त्यावरून १९२९ सालीं पेट्रोलवर गॅलनामागें दोन आणे जादा घेऊन मध्यवर्ती मार्गनिधि उभा राहिला. २००० सालीं त्यास स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला, २०१८ सालीं त्याचें नांव पालटलें. पण जो इंधन जाळतो तोच रस्त्याचा पैसा भरतो, हें मूळ तत्त्व तसेंच राहिलें. मिरकरवाड्याहून मासळी घेऊन निघणारा ट्रक आणि हापूसच्या पेट्या वाहणारा टेंपो हे दर लिटरामागें ही वर्गणी भरीतच असतात. स्वतः भरलेल्या पैशाचा वाटा मागण्यांत लाज कसली?

अडचण निराळी आहे. १९४३ सालीं नागपुरास इंजिनियरांच्या परिषदेनें देशाच्या मार्गांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे व खेड्यांचे असे वर्ग पाडले. त्यांत शहराच्या आळ्यांना वर्गच नव्हता. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगररचना व रस्ते हे विषय बाराव्या परिशिष्टांत घालून नगरसंस्थांच्या पुढें ठेविले. यादी मिळाली, थैली मिळाली नाहीं! मिऱ्याहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग आमच्या शहरांतूनच निघतो. परंतु त्याला येऊन मिळणारा प्रत्येक लहान रस्ता १८७६ पासून चालत आलेल्या नगरपरिषदेच्या माथीं आहे.

पैसा मिळत नाहीं असेंही नाहीं. तो उशिरां मिळतो. २ ऑगस्ट १९१६ नव्हे, २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला पूल पुरांत वाहून गेला व एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या. साल चुकीचें वाटावें इतका तो पूल जुना होता. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्यें खुला झाला. म्हणजे द्रव्य होतें, यंत्रें होतीं, माणसेंही होतीं. जुन्या पुलाची नीट तपासणी करून त्याचें आयुष्य किती उरलें तें आधीं सांगणारा कागद तेवढा नव्हता. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणास २०११ सालीं आरंभ झाला, आणि तारखेमागून तारीख निघून गेली. परशुराम घाटांत तर जमिनीचा मोबदला खोताचा, कुळाचा कीं देवस्थानाचा या तंट्यानें काम वर्षानुवर्षें अडून राहिलें. हा तंटा इंजिनियरांनीं उत्पन्न केलेला नाहीं. कोकणांतील सातबाऱ्याचा गुंता ज्यास ठाऊक आहे अशा कोणाही वकिलानें तो पहिल्या दिवशीं सांगितला असता. त्याला विचारण्याचें काम आराखड्याचें होतें.

अमेरिकेनें ही गोष्ट लवकर ओळखली. तेथील १९३४ च्या कायद्यानें मार्ग-अनुदानाचा शेंकडा दीड भाग केवळ पाहणी व योजना यांसाठीं खर्चण्याची मुभा संस्थानांना दिली; आणि १९६२ च्या कायद्यानें पन्नास हजारांवरील वस्तीच्या नागरी भागांत आधीं सर्वांगीण व सतत चालणारी वाहतूक-योजना, मग अनुदान, अशी अट घातली. योगायोग असा कीं आपल्या सरकारनें ऑक्टोबर २०२१ मध्यें अमृत योजनेचा दुसरा टप्पा काढला तेव्हां पन्नास हजार ते एक लाख वस्तीच्या शहरांचे विकास-आराखडे उपग्रह व संगणक यांच्या साहाय्यानें करण्यास साहाय्य ठेविलें. २०११ च्या गणतीप्रमाणें रत्नागिरीची वस्ती सुमारें शहात्तर हजार. योजना येतात व त्यांच्या मुदती सरतात. पण या तत्त्वावर जी कोणती योजना खुली असेल तिच्या दारांत आमचा अर्ज तयार असला पाहिजे.

अर्धवट आराखडा मात्र घातक होय. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचें १२७ वें कलम व्यापाऱ्यांनीं अवश्य वाचावें. रस्तारुंदीसाठीं राखलेली जमीन दहा वर्षांत घेतली गेली नाहीं तर मालक नोटीस देऊं शकतो, व ठरल्या मुदतींत हालचाल न झाल्यास आरक्षणच नाहींसें होतें. नकाशावर रेघ ओढून तिच्यामागें पैशाची तजवीज न करणें म्हणजे दहा वर्षें मालकाचें घर अडकवून ठेवणें आणि शेवटीं शहराचा रस्ताही घालविणें.

आतां आमच्या गांवापुरतें. येथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, शहर जांभ्याच्या चढउतारावर वसलेलें आहे, आणि पाणी हाच डांबराचा वैरी. गटाराची पातळी न काढतां केलेला रस्ता हा रस्ता नसून ओढा होय. शिवाय ज्या कोरड्या महिन्यांत काम करावयाचें त्यांतच आंब्याचा हंगाम येतो. मारुती मंदिरापासून रामआळीपर्यंत केव्हां, किती व कोणत्या बाजूनें खोदावें हें न ठरवितां खोदलें तर गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर जातें. आधीं डांबर, मग नळ, मग तार, असा उलटा क्रम कोणत्या दुकानदारानें पाहिलेला नाहीं?

म्हणून नगरपरिषदेनें ठराव करावा तो एवढाच: प्रथम पाहणी, तिच्या खर्चाचा स्वतंत्र आंकडा, आणि तो मागणारा अर्ज. व्यापारी मंडळींनीं आपापल्या दुकानापुढील हद्दीचे कागद आपण होऊन दाखल करावे. त्यांत कोणाची पायरी रस्त्यावर आलेली दिसली तरी हरकत नाहीं, ती सर्वांस आधींच दिसत आहे. आणि पाहणी पावसाळ्यांतच सुरू व्हावी; पाणी कोठून येतें व कोठें तुंबतें, हें मे महिन्यांत कोणत्याही इंजिनियरास दिसावयाचें नाहीं.