चौथा गडी उशिरा आला

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) हा व्हिडिओ गेम खेळून जे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळाकडे वळले, त्यांच्या डोक्यात बारा क्लास पक्के बसलेले असतात. (इथे क्लास म्हणजे शिकवणी नव्हे; आपल्या पात्राचा पेशा.) मग टेबलावर जुने खेळाडू भेटतात आणि वाद पेटतो: खरा पॅलाडिन कसा असतो, मूळचा विझार्ड कसा होता. दोन्ही बाजू बहुधा आपण पहिल्यांदा हातात घेतलेल्या पुस्तकालाच ‘मूळ’ मानत असतात.

सगळ्यांत घट्ट रुजलेला गैरसमज म्हणजे फायटर, विझार्ड, क्लेरिक आणि रोग हे चौघे पहिल्यापासूनचे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ बाजारात आला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. चौथा गडी १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत दाखल झाला, तोही ‘थीफ’ म्हणून. त्या क्लासला ‘रोग’ हे नाव मिळालं २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत. (देवनागरीत वाचताना आजार आठवतो, त्याला इलाज नाही.) म्हणजे सुरुवातीला कुलपं उघडायला आणि सापळे हुडकायला वेगळा माणूसच नव्हता. काठीने फरशी ठोकून बघायची, दाराला कान लावायचा, ही कामं सगळेच करत. थीफ आला आणि ती कामं टक्केवारीत बांधली गेली. बाकीच्यांना ‘हे माझं खातं नाही’ म्हणायची सोय झाली. माझ्या मते या गड्याने खेळाला दिलं तेवढंच काढूनही घेतलं.

क्लेरिकला आपण मलमपट्टीवाला समजतो. त्याचा जन्म मात्र वेगळ्याच गरजेतून झाला. आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ मोहिमेत एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं होतं, नाव सर फँग. ते कुणाला आवरेना, तेव्हा त्यावर उतारा म्हणून हा पाद्री उभा केला गेला. १९७४च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे एकही मंत्र नव्हता. भुताप्रेतांना पळवून लावणं तेवढं त्याला जमायचं; जखम बरी करायची तर दुसरी लेव्हल गाठेपर्यंत थांबा.

पॅलाडिन सात्त्विकच हवा, हा आग्रह निराधार नाही, फक्त जुना आहे. १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये पॅलाडिन माणूसच असावा लागे, सदाचारी आणि शिस्तीचा असावा लागे, आणि त्याचा करिझ्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप सांगणारा, फाशांवर ठरणारा आकडा) किमान १७ असावा लागे. साध्या तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये ४! तिसऱ्या आवृत्तीने एल्फ-ड्वार्फांनाही दार उघडलं, २००८च्या चौथीने सदाचाराची अट काढली, आणि २०१४च्या पाचवीत त्याला बांधून ठेवते ती त्याची शपथ. निवडायच्या शपथांपैकी एक तर चक्क सूडाची आहे.

बार्डची, म्हणजे गाणाऱ्या भाटाची, टिंगल करणाऱ्यांनी तेच १९७८चं पुस्तक शेवटापर्यंत चाळावं. तिथे बार्ड परिशिष्टात आहे आणि पहिल्या लेव्हलपासून घेताच येत नाही. आधी फायटर म्हणून निदान पाचवी लेव्हल, मग थीफ म्हणून निदान पाचवी, त्यानंतर ड्रुइडांच्या हाताखाली उमेदवारी. गाणं त्यानंतर.

क्लास वाढतच जातात, असंही नाही. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकातून मंक आणि असॅसिन गळले. चौथीच्या पहिल्या पुस्तकात आठच क्लास होते. बार्ड, ड्रुइड, मंक गैरहजर आणि वॉरलॉर्ड नावाचा नवा सेनानी हजर. पाचवीत बार्ड, ड्रुइड, मंक परतले, वॉरलॉर्ड बाहेर राहिला. १९८१च्या ‘बेसिक’ संचात तर ‘एल्फ’ हाच एक क्लास होता. एल्फ असणं हाच पेशा.

सगळे क्लास तुल्यबळ हवेत, ही अपेक्षाही नंतरची. त्याच ‘बेसिक’ संचात दुसऱ्या लेव्हलसाठी थीफला १,२०० गुण पुरत, मॅजिक-यूझरला २,५०० लागत. सगळ्यांना एकच शिडी मिळाली ती २००० साली.

तेव्हा ‘खरा पॅलाडिन असा नसतो’ असं कुणी सुनावलं, तर वाद घालू नका. त्याच्या पुस्तकाचं साल विचारा.