कॉपी झाली म्हणजे लिहून झाली का?



एकदा निकालाच्या घाईत मी गुणांची फाईल पेनड्राईव्हवर 'कट-पेस्ट' केली. पट्टी पूर्ण भरली, तसा ड्राईव्ह लगेच उपसला. दुसऱ्या संगणकावर फाईल उघडेचना! सगळे गुण पुन्हा भरावे लागले. असं का झालं? लिनक्सचं उदाहरण घेऊन पाहूया.

मेमरी वेगवान असते, तर डिस्क आणि पेनड्राईव्ह खूपच संथ. म्हणून फाईल आधी मेमरीत ठेवली जाते आणि 'झालं' असं सांगितलं जातं. खरं लिहिणं मागाहून चालतं. मुलं टेबलावर वह्या ठेवून खेळायला जातात, पण वह्या तपासायच्या बाकीच असतात ना, तसंच हे.

मग गर्दी झाली तर? लिनक्स तीन गोष्टी करते.

१) ढीग वाढू न देणे : लिहायचा बाकी असलेला मजकूर वापरता येण्याजोग्या मेमरीच्या साधारण १० टक्के झाला, की तो डिस्कवर उतरवायला सुरुवात होते. ढीग कमी असला तरी ३० सेकंदांहून जुना मजकूर उतरवला जातो.

२) रांग लावणे : शंका विचारायला आलेलं मूल टेबलाशी उभं असतं, म्हणून आपण आधी त्याच्याकडे बघतो. तसंच वाचनाची मागणी करणारा प्रोग्रॅम थांबलेला असतो. 'डेडलाईन' पद्धतीत वाचनासाठी अर्ध्या सेकंदाची, तर लेखनासाठी ५ सेकंदांची मुदत धरतात. लेखन मागे पडलं तरी कायमचं अडकत नाही.

३) थांबवणे : ढीग वाढतच गेला, तर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच सक्तीने हळू केलं जातं. २० टक्के ही त्याची नेहमीची कमाल मर्यादा. "आता वह्या ठेवू नका, आधी या होऊ देत," असं आपण म्हणतो तसं.

मोठी फाईल कॉपी होताना मध्येच अडखळते, ती बऱ्याचदा यामुळेच. तेव्हा 'हँग झाला' म्हणून पॉवरचं बटण दाबू नका. मेमरीतला मजकूर वीज जाताच पुसला जातो.

मुलांना एवढं नक्की शिकवा : पट्टी भरली तरी आधी 'इजेक्ट' करायचं, 'आता काढू शकता' असा संदेश आला की मगच ड्राईव्ह काढायचा. आणि प्रत मिळाल्याची खात्री होईपर्यंत मूळ फाईल पुसायची नाही. माझी खरी चूक तीच होती.