लक्ष देत नाही, की लागत नाही?

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आमच्याकडे. पंधरा-वीस बायका बसलेल्या, मध्ये तिळगुळाचं ताट. तेवढ्यात धाकट्या जावेचा मुलगा आतून वाऱ्यासारखा आला, दिवाणावर चढला आणि तिथून उडी मारली ती थेट ताटावर. तिळगूळ घरभर! वय वर्षं आठ. जावेनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेली. मागे कुजबुज सुरू झाली. "आईचा धाकच नाही." "नोकरी करते ना, लक्ष कोण देणार?" खोटं कशाला बोलू, त्या कुजबुजीत माझाही आवाज होता. "आमची बघा," मी म्हटलं, "चौदा वर्षांची झाली, पण घरात आहे की नाही ते कळत नाही."

पुढे शाळेतून चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या यायला लागल्या. जागेवर बसत नाही, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडतो, रांगेत थांबत नाही. शेवटी एका समजूतदार बाईंनी सुचवलं, एकदा डॉक्टरांना दाखवा. जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोराला काय वेड लागलंय?" जाऊ एकटी पडली, म्हणून सोबत मी गेले.

डॉक्टरांनी तासभर विचारपूस केली. मग नाव सांगितलं, एडीएचडी. पूर्ण नाव अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता, असं आपण म्हणू. जावेनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? "डॉक्टर, माझं काही चुकलं का?"

नाही, तिचं काही चुकलं नव्हतं. ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. आपल्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे घरातल्या कारभाऱ्याचं काम असतं. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कुठे थांबायचं, कुठे राग गिळायचा, हे तो भाग बघतो. या मुलांमध्ये हा कारभारी जरा उशिरा आणि वेगळ्या पद्धतीनं तयार होतो. यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. वेळेआधी किंवा फार कमी वजनाचं जन्मलेल्या बाळांमध्ये धोका थोडा वाढतो. आईच्या लाडामुळे, नोकरीमुळे किंवा साखर खाल्ल्यामुळे हे होत नाही. आणि हे नव्या जमान्याचं फॅडही नव्हे. जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी 1902 साली लंडनमधल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन करून ठेवलं आहे. जगभरात शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा त्रास असतो, असा अंदाज आहे. म्हणजे भरलेल्या वर्गात दोन-तीन मुलं असायचीच.

"पण कार्टून तासभर बघतो की!" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. त्याचं उत्तर डॉक्टरांनी छान दिलं. लक्ष या मुलांकडे असतं, पण ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं त्यांना जड जातं. आवडीच्या, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या गोष्टीत ते आपोआप लागतं. पाढ्यांत मात्र ते ओढून आणावं लागतं, आणि ती ओढच कमी पडते.

डॉक्टरांनी दोन कागद दिले, एक घरी भरायचा, एक शाळेत. परतीच्या एसटीत जाऊ दमून झोपली होती. मी सहज घरचा कागद वाचायला घेतला. सांगितलेलं ऐकूनही ऐकलं नाही असं वाटतं. वस्तू हरवते. सुरू केलेलं काम पुरं करत नाही. सोप्या गणितात चुका करते. रोजच्या गोष्टी विसरते. जिथे डोकं फार वेळ चालवावं लागतं ते काम टाळते.

वाचता वाचता माझे हात गार पडले. हा पुतण्या नव्हता. ही माझी मुलगी होती.

माझी लेक कधी दिवाणावरून उडी मारत नाही. ती खिडकीबाहेर बघत बसते. आठवीपर्यंत तिनं चार छत्र्या आणि तीन डबे हरवले. दूध गॅसवर ठेवून समोर उभी राहायची आणि दूध उतू जायचं. मी तिला काय काय म्हटलं ते आज आठवलं तरी लाज वाटते. वेंधळी, धांदरट, "डोकं कुठे असतं तुझं?", "सासरी गेल्यावर कळेल!"

एडीएचडीचे तीन प्रकार असतात. एकात चंचलता आणि उतावीळपणा जास्त, एकात नुसतंच लक्ष न लागणं, आणि तिसऱ्यात दोन्ही. मुलींमध्ये दुसरा प्रकार जास्त दिसतो आणि तो गोंगाट करत नाही, म्हणून तो सुटतो. दंगेखोर मुलाची चिठ्ठी येते. गप्प मुलीची येत नाही. तिला आपण "साधी आहे" म्हणतो. तीही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचून, रात्री जागून, कसंबसं झाकून नेते. मग आठवी-नववीत अभ्यास वाढला की हे झाकणं कोलमडतं.

वयात येताना चित्र बदलतं. मुलांचं उड्या मारणं कमी होतं, पण आतली अस्वस्थता राहते. कामं शेवटच्या घटकेला ढकलणं, पटकन चिडणं, विचार न करता गाडी दामटणं, मैत्री तुटणं असं ते बाहेर येतं. आणि वर्षानुवर्षं "आळशी", "बिनकामाची" ऐकून मुलं स्वतःही तेच मानायला लागतात. त्यातून उदासी, चिंता मागे लागते. खरा धोका मला इथे वाटतो.

मात्र प्रत्येक चळवळं मूल एडीएचडीचं नसतं, हेही लक्षात ठेवा. यासाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली, आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसणारी. शिवाय त्यानं रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं. आधी डोळे, कान, झोप तपासून घ्यावी. क्षणभर शून्यात हरवल्यासारखी फिटही असू शकते. घरात भांडणं, शाळेत कुणाचा त्रास, वाचन-लेखनाची वेगळी अडचण, हेही बघावं लागतं. म्हणून शिक्का आपण मारू नये. तो निर्णय डॉक्टरांचा.

उपचार आहेत. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण. मोठ्यांसाठी वागणुकीचं मार्गदर्शन, शाळेची मदत आणि गरज असेल तर औषध. मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन ही त्यातली नावं. औषधानं अनेक मुलांना चांगला फरक पडतो. भूक कमी होणं, झोप न लागणं असे त्रासही होऊ शकतात, म्हणून वजन, उंची, रक्तदाब डॉक्टर वरचेवर बघतात. शेजारणीच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला कधीही देऊ नका, आणि चालू असलेली मनानं बंदही करू नका.

घरी आम्ही दोघी जावांनी काही गोष्टी बदलल्या. दुसऱ्या खोलीतून ओरडणं बंद. जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच काम सांगायचं. "आवर" म्हणायचं नाही, "आधी डबा दप्तरात ठेव" म्हणायचं. दप्तर रात्रीच भरायचं. दाराजवळ पाटी टांगली, तिच्यावर सकाळची पाच कामं क्रमानं लिहिलेली. अभ्यास पंधरा मिनिटं, मग पाच मिनिटं उठून फिरायचं. चांगलं केलं की तिथल्या तिथे कौतुक, आठवड्याच्या शेवटी नाही. मैदानी खेळ आणि वेळेवर झोप रोज. शाळेला विनंती करून पहिल्या बाकावर जागा मागितली. जादू झाली नाही. पण आरडाओरडा निम्म्यावर आला.

मोठ्या शहरात जायला पैसे नाहीत, असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी सांगते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात. त्यांच्या यादीत एडीएचडी आहे. पथक येईल तेव्हा तुमची शंका स्वतःहून सांगा. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. बऱ्याच मुलांना एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमताही असते. तिचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. रीतसर प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीला जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. तेव्हा ही तपासणीही करून घ्या.

माझ्या लेकीचं निदान झालं त्या दिवशी ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते." मग थोड्या वेळानं, "आई, चिनूला लगेच नेलंत. मला आधी का नाही नेलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिनूनं ताट पालथं केलं म्हणून सगळ्यांना दिसलं. माझ्या लेकीनं कुणाचं काही सांडलं नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू जावेच्या हातून केलं. एका बाईनं चिनूकडे बघून तोंड वाकडं केलंच. या वेळी मी गप्प बसले नाही. "धाक कमी नाही हो," मी म्हटलं, "त्याला थांबायला जरा जास्त कष्ट पडतात. आणि तो ते घेतोय." तुमच्याही गल्लीत अशी एक आई असेल. तिला आधी आपल्या शेजारी बसवून घ्या. आणि घरी गेल्यावर खिडकीशी बसलेल्या आपल्या लेकीकडेही एकदा नीट बघा.