मुळशीची वीज, पुण्याची वाहने आणि हवामानबदलाची जबाबदारी

हवामानबदल हा विषय आता शालेय निबंधस्पर्धांपर्यंत पोहोचला आहे. या निबंधांतून, भाषणांतून आणि घोषणाफलकांवरून एक वाक्य हमखास आढळते : ‘या संकटाला आपण सर्वच जबाबदार आहोत.’ वाक्य नम्र आहे, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे त्याने समाधान होत नाही. ‘आपण सर्व’ म्हणजे नेमके कोण, कोणी किती जाळले आणि त्याचा भार कोणी वाहिला, हे विचारल्याशिवाय जबाबदारी ठरत नाही. मुळशी तालुक्यात राहून हे प्रश्न विचारण्यास विशेष कारण आहे. शंभर वर्षांपूर्वी धूर न करणाऱ्या ऊर्जेसाठी या खोऱ्याने आपली गावे गमावली. आणि आज याच तालुक्यातील हिंजवडीच्या रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात. प्रस्तुत लेखात या दोन टोकांमधील संबंध समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

एका लिटरचा हिशेब

कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू ही जीवाश्म इंधने आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पती व सूक्ष्मजीव भूगर्भात गाडले जाऊन ती तयार झाली. त्यांतील कार्बन आपण जाळतो, तेव्हा तो हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड बनतो. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७५० ग्रॅम असते, पण ते जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. विद्यार्थ्यांना हे अशक्य वाटते. वाढलेले वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे असते, हे कळले की कोडे सुटते. डिझेलच्या बाबतीत हाच आकडा लिटरमागे सुमारे २.७ किलो आहे.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प सामावून घेऊ शकते. म्हणूनच अल्पावधीत प्रचंड पाऊस कोसळण्याची शक्यता वाढते. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. एखाद्या दिवसाच्या पावसाचे खापर केवळ हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र असे दिवस वाढत जातील, हा शास्त्रज्ञांचा इशारा स्पष्ट आहे.

आता वाहनांकडे वळू. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटारसायकल किलोमीटरमागे सुमारे ४६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते; तिच्यावर दोघे बसले, तर माणशी २३ ग्रॅम. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीत एकटाच माणूस असेल, तर त्याच्या वाट्याला १५३ ग्रॅम येतात. लिटरला ४ किलोमीटर जाणाऱ्या डिझेल बसमध्ये ४० प्रवासी असतील, तर माणशी अवघे १७ ग्रॅम. वर्षाला १०,००० किलोमीटर प्रवास धरला, तर मोटारीत एकट्याने जाणाऱ्याचा वाटा दीड टन होतो आणि भरलेल्या बसमधील प्रवाशाचा पावणेदोनशे किलोच्या आत राहतो. स्वयंपाक, वीज, शेती, कारखाने असे सर्व मिळून सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे दोन टन येतात. म्हणजे एकट्याची मोटार एका सरासरी भारतीयाच्या साऱ्या आयुष्यव्यवहाराचा तीन चतुर्थांश भाग केवळ ये-जा करण्यात खर्च करते.

धुराचे गाव बदलते

यावर ‘विजेवरची गाडी घ्या’ असे उत्तर दिले जाते. ते काही अंशी बरोबर आहे. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा वाया घालवते आणि रस्त्यावर धूर सोडत नाही. परंतु भारतातील सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशापासून निर्माण होते. त्यामुळे आपल्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या हिशेबाने विजेवरची दुचाकी किलोमीटरमागे सुमारे २० ग्रॅम आणि विजेवरची मोटार सुमारे १०० ग्रॅम वायूला कारणीभूत ठरते. एकट्याने चालविलेली विजेची मोटार ही दोघांनी वापरलेल्या पेट्रोलच्या मोटारसायकलीपेक्षा माणशी चौपट भार टाकते. वीज अधिकाधिक सूर्य व वाऱ्यापासून मिळू लागेल तसा हा आकडा उतरेल. तोवर पुण्यात न दिसणारा धूर चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रातून बाहेर पडत राहील. तेथील राख आणि धूळ ज्यांच्या अंगणात पडते, त्यांच्यापैकी कितीजणांच्या दारात मोटार उभी असते?

मुळशीचा धडा

हा प्रश्न नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. टाटांनी सह्याद्रीचा पाऊस अडवून वीज निर्माण करण्याची योजना आखली. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरील भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. मुळा नदीचे पाणी मूळचे पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारे. ते अडवून पश्चिमेला कोकणात उतरविण्यात आले आणि त्या उतारावर जनित्रे फिरली. जलविद्युतीला त्या काळी ‘पांढरा कोळसा’ म्हणत. आजच्या परिभाषेत ती स्वच्छ ऊर्जाच होय.

त्या स्वच्छतेची किंमत मावळ्यांनी मोजली. सुमारे पन्नास गावांतील भातखाचरे, घरे आणि देवस्थाने पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. याच लढ्याने बापट ‘सेनापती’ झाले. १९२४ अखेर लढा मावळला आणि धरण पूर्ण झाले.

या इतिहासाची एक बाजू अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात तपशीलवार मांडली आहे. खोऱ्यातील बरीचशी जमीन पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात गेली होती आणि कसणारे अनेकजण त्यांची कुळे होती. मोबदल्याचा प्रश्न निघाला, तेव्हा जमीनमालकाचे हित आणि कसणाऱ्याचे हित एक राहिले नाही. ज्याच्या नावावर जमीन, त्याला पैसा. ज्याच्या नावावर काहीच नाही, तो कागदावर विस्थापितही ठरत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाची गत यावरून समजावी.

या धड्याची आज पुन्हा आवश्यकता आहे. दिवसा सौरविजेने पाणी वर चढवायचे आणि रात्री तेच खाली सोडून वीज घ्यायची, अशा उदंचन प्रकल्पांसाठी सह्याद्रीचे कडे सोयीचे आहेत. भिवपुरी आणि मावळातील शिरवटा येथील अशा प्रकल्पांसाठी २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन व टाटा पॉवर यांच्यात करार झाला आहे. कोळसा सोडावयाचा असेल, तर अशी साठवण लागणारच. विरोधासाठी विरोध करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र प्रत्येक प्रकल्पाला विचारले पाहिजे : उजेड कोणाच्या घरी आणि बुडीत कोणाच्या शेतात?

बाबासाहेबांची ऊर्जादृष्टी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते. १९४४ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ आणि दामोदर खोरे योजनेची पायाभरणी ही त्यांच्या कार्यकाळातील कामे. त्यांच्या दृष्टीने स्वस्त व मुबलक वीज म्हणजे औद्योगिकीकरण, आणि औद्योगिकीकरण म्हणजे शेतीवरील अतिरिक्त भारातून व दारिद्र्यातून सुटका. त्याच काळात कोळसा खाणकामगारांसाठी कल्याण निधीही उभा राहिला. वीज निर्माण करणे आणि ती ज्याच्या श्रमातून निर्माण होते त्याची काळजी घेणे, ही दोन कामे त्यांनी एकाच मेजावर हाताळली. ऊर्जेचा विचार असाच अखंड असावयास हवा.

वाहन आणि प्रतिष्ठा

वाहनाच्या निवडीत आपल्या समाजाला आणखी एक पदर आहे. १९०१ मध्ये बालवयातील बाबासाहेबांना मसूर स्थानकावरून कोरेगावला न्यायला एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि गाडीवानाने पायी चालावे, या अटीवर गाडी मिळाली. ज्यांच्या वाडवडिलांना गाडीत जागा नाकारली गेली, त्यांच्या नातवाने कर्ज काढून घेतलेल्या मोटारसायकलीला कोणी चैन म्हणू नये. दुर्गम वाडीत दिवसाला एखादीच एस.टी. येत असेल, तर तेथे दुचाकी ही निवड नसून गरज असते.

याच कारणाने सार्वजनिक बस ही आपली खास वस्तू आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. तिकीट काढणाऱ्याला वाहकाने जात विचारली नाही. अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पासामुळे कितीतरी खेड्यांतील मुली शाळेत टिकल्या. कमी धूर आणि अधिक समता हे दोन्ही एकाच वाहनातून मिळते, ही गोष्ट सामान्य नव्हे.

जबाबदारीची वाटणी

जबाबदारी समान नाही, ती वापराच्या आणि सामर्थ्याच्या प्रमाणात आहे. सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत होतो, भारतीय दोन टनांना. म्हणून श्रीमंत राष्ट्रांनी आधी आणि अधिक कपात करावी, ही भारताची मागणी न्याय्य आहे. परंतु तोच न्याय देशाच्या आतही लागू झाला पाहिजे. हिंजवडीत एकट्याने मोटार नेणाऱ्याला वाडीवरच्या माणसाच्या दोन टनांच्या सरासरीमागे लपता येणार नाही.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या दारात पहिली मोटार आली आहे, आणि तिचा अभिमान रास्त आहे. त्यांनी इतकेच करावे : ज्या मार्गावर बस आहे तेथे बसने जावे, मोटार काढावी लागलीच, तर रिकाम्या जागा भरून न्याव्यात, आणि ज्या गावाला बस नाही, त्याच्यासाठी ग्रामसभेतून व आगाराकडे लेखी मागणी करावी. यांतील तिसरे काम सर्वांत मोठे आहे. एका माणसाने गाडी घरी ठेवल्याने वर्षाला काही शे किलो वायू वाचतो. गावाला वेळेवर येणारी बस मिळाली, तर त्या गावातील पुढच्या पिढीला दुचाकीसाठी कर्ज काढण्याची वेळच येत नाही.